भिंतीवरचे अहो

आमच्या शेजारच्या सुशीलाबाईंचं सकाळचं कुंकू म्हणजे एक सोहळाच असतो. चहासुद्धा त्यानंतर. आधी कपाळाला मेण, त्यावर पिंजर, मग आरशापुढे डोळे बारीक करून गोल वाकडा तर झाला नाही ना ते बघायचं. लेकीने टिकल्यांची पाकिटं आणून दिली होती, ती तशीच फळीवर पडून आहेत. "चिकटवायचं ते कुंकू नसतंय बाई, ते पोस्टाचं तिकीट," असं म्हणतात.

अशा बाईच्या वाट्याला काय यावं? तिचा जिताजागता नवरा चंदनाचा हार घालून टीव्हीवर लागला आणि उभा महाराष्ट्र त्याला बघून हसला. बरं, एकदा हसून गप्प बसला असता तरी चाललं असतं. दर आठवड्याला हसायला लागला.

नवरा म्हणजे हिंमतराव. हडपसरच्या कारखान्यात लेथवर उभं राहून त्यांचा जन्म गेला. तिथल्या खडखडाटात बोलून उपयोग नसायचा, म्हणून असेल, पण घरीही ते बोलत नसत. भाजी कशी झालीय विचारलं तर वाटी पुढे करायचे, म्हणजे चांगली झालीय. "ह्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं," असं सुशीलाबाई सगळ्या आळीत सांगायच्या. तोंडातून गेलेला शब्द कुठे जाऊन बसेल याचा नेम नसतो, हेच खरं.

तो फोटो त्यांच्या लेकीच्या, राधाच्या, लग्नातला. डोक्याला गुलाबी फेटा, मिशीला तूप, आणि ओठाच्या एका कोपऱ्यात हसू. हसतायत की बूट चावतोय, ते कळू नये असं. राधा लग्न होऊन वारज्याला गेली आणि फोटो बाहेरच्या खोलीत खिळ्यावर राहिला.

हिंमतरावांचा भाचा सलिल मुंबईला असतो. टीव्हीवर तो हसवायचा कार्यक्रम लागतो ना, छोटी छोटी नाटुकली करतात, त्यात तो सामान जमवायचं काम करतो. खुर्ची, बादली, जुना फोन, जे लागेल ते. एकदा जेवायला आला आणि भिंतीकडे बघून म्हणाला, "मामा, हा फोटो द्या की. एका घराची भिंत सजवायचीय. तुम्ही टीव्हीवर दिसाल."

हिंमतरावांनी भिंत कुठली, घर कुणाचं, काही विचारलं नाही. स्वतः स्टुलावर चढले, फोटो काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि दिला.

ज्या दिवशी तो भाग लागणार होता त्या दिवशी सुशीलाबाईंनी पेढे आणले. शेजारपाजारचे आम्ही सगळे त्यांच्या खोलीत, कुणी दारात, कुणी गॅलरीत. हिंमतराव नवा शर्ट घालून पुढ्यात बसले होते, जणू त्यांनाच तिकडून कुणी बघणार होतं.

नाटुकलं सुरू झालं. विमलवहिनी नावाची बाई. म्हणजे पुरुषच, लुगडं नेसलेला. दत्तप्रसाद नावाचा नट. वहिनीचं कपाळ पांढरंफटक. ती पदर सावरत भिंतीकडे वळली आणि म्हणाली, "अहो, मी भिशीच्या बायकांबरोबर महाबळेश्वरला जाऊ का? तुमचं काय म्हणणं?" भिंतीवर आमचे हिंमतराव. फेटा तोच, हसू तेच, आणि गळ्यात हा एवढा चंदनाचा हार.

वहिनीचा प्रश्न संपला आणि फोटो खटकन डावीकडे कलला. म्हणजे मेलेल्या नवऱ्याला पसंत नाही. टीव्हीतली माणसं खो खो हसली. आमच्या खोलीत पेढा कुणाच्याच घशाखाली जाईना.

पहिलं कोण हसलं असेल? हिंमतराव. मांडीवर थाप मारून हसले. एवढं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. सुशीलाबाईंनी पेढ्यांचा पुडा उचलला, झाकण लावलं आणि आत नेऊन ठेवला.

सलिलला फोन लावला तेव्हा तो रडकुंडीला आला होता. "मामी, शपथ सांगतो, आधी नुसता फोटोच होता. ऐन वेळी दिग्दर्शकांनी हार घालायला लावला. एकदाच आहे मामी, पुन्हा नाही."

पण लोकांना ते आवडलं. विमलवहिनी दर आठवड्याला यायला लागली, आणि ती आली की भिंतीवर अहो आलेच. तिने नवीन टीव्ही घेऊ का विचारलं की अहो कलले. शेजाऱ्याला चहाला बोलावू का विचारलं की अहो इतके कलले की उलटे झाले. मागून दोरी असते, आणि ती दोरी सलिलच्याच हातात. मामाच्या गळ्यात हार आणि भाच्याच्या हातात दोरी, असा सगळा घरचाच कारभार.

हिंमतरावांचं मात्र नशीब उघडलं. मंडईत गेले की कोथिंबीरवाली मान कलती करून विचारायची, "अहो, तुमचं काय म्हणणं?" रिक्षावाले हॉर्न देऊन मान कलवायचे. पलीकडच्या आयटी पार्कातली पोरं गळ्यात हात टाकून फोटो काढायची, "काका, प्लीज, एकदा टिल्ट!" आणि हिंमतराव मान डावीकडे टाकायचे. जन्मभर ज्याला फक्त कारखान्याचं गेट ओळखत होतं, त्याला आता अख्खं हडपसर ओळखत होतं. मिशीला रोज तूप लागायला लागलं.

"अवं, काय हौस ही मरायची?" सुशीलाबाई म्हणायच्या.

"खोटी बातमी आली की आयुष्य वाढतंय," हिंमतराव म्हणायचे. एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून आलं म्हणजे ते खूश होते.

"बातमी एकदा आली तर वाढतंय. दर आठवड्याला आली तर देव पण वैतागंल."

हाराचं त्यांना फार लागलं होतं. फुलांचा असता तर एक वेळ चाललं असतं, असं त्या मला म्हणायच्या. फुलं संध्याकाळी सुकतात, काढून टाकता येतात. चंदनाचा हार माणूस गेला की घालतात तो तिथेच राहतो. तो काढायचा नसतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही दोघी पुढच्या सोसायटीत गेलो होतो. तिथली एक तरुण सून हळदीकुंकवाचं तबक घेऊन सुशीलाबाईंपुढे आली, बोट कुंकवात बुडवलं आणि थांबून म्हणाली, "लावू ना हो, विमलवहिनी? तुमच्या अहोंचं काय म्हणणं?" बायका हसल्या. पोरगी वाईट नव्हती, गंमत करायला गेली. सुशीलाबाईंनी तिचं बोट धरून स्वतःच्या कपाळाला टेकवलं, नीट, मधोमध. मग उठल्या. वाण तिथेच राहिलं. घराच्या दारात आल्यावर म्हणाल्या, "हात थरथरला तिचा. बघितलंत ना तुम्ही? माझ्या कपाळाला लावताना हात थरथरला."

मग तात्याराव आले. हिंमतरावांच्या खात्यातले जुने जोडीदार, आता वारज्याकडे राहतात. डोळ्यांनी कमी दिसतं, कानांनी त्याहून कमी ऐकू येतं. त्यांनी शेजाऱ्याच्या घरी टीव्हीवर हिंमतरावांचा हार घातलेला फोटो बघितला. मोठी माणसं गेली की दाखवतात तसं आपल्या दोस्ताला दाखवतायत असंच त्यांना वाटलं. असल्या गोष्टी फोनवर विचारायच्या नसतात, म्हणून बिचारे बस बदलत बदलत आले. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून सुनेने पिठलं-भाकरी फडक्यात बांधून दिली होती. जिन्यातच टॉवेल तोंडाला लावून त्यांनी हंबरडा फोडला, "वहिनी, मला कुणी कळवलं बी नाय वो!"

दार हिंमतरावांनी उघडलं.

तात्याराव मटकन पायरीवर बसले. वर बघेनात. हिंमतराव त्यांच्या शेजारी बसले, खांद्यावर हात ठेवला. "तात्या, मी हाय."

"तू हायस?"

"हाय की."

"मग टीव्हीत कोण हाय?"

"तिथं बी मीच हाय."

पुढे दोघं इतके हसले की खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली. आणि मग, ऐका, त्या दोघांनी तिथेच गाठोडं सोडलं आणि पिठलं-भाकरी खाल्ली. हिंमतरावांनी कांदा मागितला. सुशीलाबाई कांदा घेऊन आल्या आणि बघतात तर नवरा स्वतःच्याच दुखवट्याची भाकरी मोडतोय. त्यांनी कांदा दिला नाही. आत जाऊन देवापुढे बसल्या त्या तात्याराव गेले तरी उठल्या नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हिंमतराव मंडईतून येताना जिन्यात थांबले. छातीला हात. भाजीची पिशवी सुटली आणि टोमॅटो पायऱ्यांवरून खालपर्यंत गेले. दवाखान्यात तपासण्या झाल्या. रक्ताच्या नळ्या तुंबल्यात, छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. वय आहे, जोखीम आहे, पण थांबण्यात त्याहून जास्त जोखीम आहे.

सुशीलाबाई म्हणाल्या, "आधी हार निघंल. मग हे टेबलावर चढतील."

राधा वारज्याहून धावत आली. "आई, डॉक्टर थांबायला तयार नाहीत आणि तू टीव्हीचं काय घेऊन बसलीस?"

"लेकी, मला शिकवू नको. तिकडं माणूस बेशुद्ध पडलेला असणार आणि इकडं त्याच्या गळ्यात हार. वरून बघणाऱ्याला काय कळणार कुठला खरा?"

राधा चिडली, रडली, मग बापाकडे गेली. बाप म्हणाला, "तिला भ्या वाटतंय." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "मला बी." हे दुसरं वाक्य राधाने आईला सांगितलं नाही, मला सांगितलं.

सलिलने तिकडे हातापाया पडून बघितलं. हार काढला तर विधवा कशी कळणार, असं दिग्दर्शक म्हणाले. शेवटी सलिल एका रविवारी त्या नटालाच घरी घेऊन आला. दत्तप्रसाद. मला वाटलं होतं कुणी तरी चटपटीत असेल. हा आपला वाळका, डोळ्यांखाली काळं, चपला काढून कोपऱ्यात नीट जोडून ठेवणारा.

"विमलवहिनी नाही आल्या?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"मीच, काकू."

"दाढी आलीय की वहिनींना."

चहा मात्र टाकला. भांडायला बोलावलेल्या माणसालाही चहा द्यावा लागतो, हा आपल्याकडचा एक त्रासच आहे.

तेवढ्यात हिंमतराव आतून भिंतीचा आधार घेत बाहेर आले. त्यांना बघितलं आणि दत्तप्रसाद उभा राहिला, आणि त्याचा हात आपोआप खांद्याकडे गेला, पदर ओढायला. अंगात शर्ट होता. हिंमतरावांनी गमतीने मान डावीकडे टाकली. तो हसला नाही. वाकला, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उठला नाही.

"उठा," सुशीलाबाई म्हणाल्या. "आता सांगा, हार कधी काढताय?"

"काकू, माझ्या हातात नाही ते. दिग्दर्शक म्हणतात, नवरा जिवंत असला तर बाई फोटोशी कशाला बोलेल?"

"आमचा जिवंतच हाय. काय बोलतोय? मला बी फोटोशीच बोलावं लागतंय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "गावाला गेलाय म्हणा. दुबईला गेलाय म्हणा. पळून गेलाय म्हणा, मला चालंल. पण हे सुचलं कुणाला?"

दत्तप्रसाद कपातल्या चहाकडे बघत राहिला. "माझी आई अशीच बोलायची," तो म्हणाला. "वडील लवकर गेले. आई सगळं फोटोला विचारायची. शाळेची फी भरू का, बहिणीला या स्थळी देऊ का. आम्ही भावंडांनी एकदा मस्ती म्हणून फोटोला दोरी बांधली. तिने विचारलं की ओढायचो."

"आणि तिला कळलं नाही?"

"कळलं होतं. तरी विचारायची."

सुशीलाबाईंनी त्याच्या कपात आणखी चहा ओतला, न विचारता. मग म्हणाल्या, "फोटो राहू द्या. ह्यांना हौस हाय त्याची. हार तेवढा काढा."

"बघतो," तो म्हणाला. आता 'बघतो' म्हणजे काय ते पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. आम्ही आशा सोडली.

ऑपरेशनचा दिवस आला. बॅगा भरून झाल्या, रिक्षा खाली उभी होती, आणि सुशीलाबाई उंबऱ्यात बसून होत्या. राधा हात जोडत होती. हिंमतराव फेटा नाही, मिशीला तूप नाही, साधे गृहस्थ होऊन जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते. तेवढ्यात राधाच्या फोनवर सलिलने काहीतरी पाठवलं. आदल्या दिवशीच चित्रीकरण झालेलं, अजून टीव्हीवर लागायचं होतं. राधाने ते आईच्या डोळ्यांपुढे धरलं. मीही मागून वाकून बघितलं.

विमलवहिनी भिंतीपाशी उभी होती. म्हणाली, "अहो, केवढी धूळ बसलीय या हारावर. धुवायला काढते. तुमचं काय म्हणणं?" आणि गप्प राहिली. फोटो कलला नाही. कलायचा तेव्हा कलला नाही, म्हणून माणसं हसायची थांबली. वहिनीने दोन्ही हातांनी हार काढला, पदरात गुंडाळला आणि चालती झाली. मागून कुणाचा तरी आवाज आला, "अरे, हे नव्हतं ठरलं!" वहिनी परत आली नाही.

सुशीलाबाईंनी ते पुन्हा बघितलं, पुन्हा बघितलं. मग पदराने काच पुसून फोन राधाला दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला."

ऑपरेशन झालं. छाती शिवली, हृदय नीट चालायला लागलं. पण शुद्धीवर येताना मेंदूकडे रक्त कमी पडलं, असं डॉक्टर म्हणाले. उजवी बाजू गेली. वाचा गेली. डोळे उघडे असायचे, पण आपल्याला बघतायत की आपल्या पलीकडे, ते कळायचं नाही. राधा "बाबा, बाबा" करून थकली. डॉक्टर टॉर्च मारायचे, तळव्याला टोचायचे. ऐकू येतंय का, समजतंय का, सांगता येत नाही म्हणायचे. किती समजतंय त्यावर पुढचं सगळं आहे, असंही म्हणायचे.

सुशीलाबाई रोज पलंगाशेजारी उभ्या राहून हाक मारायच्या. "अवं. अवं, मी हाय." काही नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हार काढायला उशीर झाला का हो?" मी त्यांना धरून खुर्चीवर बसवलं.

एका दुपारी मी त्यांच्यासाठी डबा घेऊन गेले होते. नर्स सलाईन बदलत होती. सुशीलाबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. नवऱ्याकडे बघत, बराच वेळ. मग त्यांनी पदर सावरला, तो ओढून कमरेला खोचला, मान ताठ केली आणि बारीक, लाडिक आवाज काढून म्हणाल्या, "अहो, आपण वारज्याला राधाकडे जाऊन राहू या का? तुमचं काय म्हणणं?"

नर्स दचकून वळली. तिला फिस्सकन हसू आलं. तीही तो कार्यक्रम बघत असणार. तिने तोंडावर हात ठेवला. सुशीलाबाईंचा चेहरा शरमेने लाल झाला होता, पण त्या मागे हटल्या नाहीत. तेवढ्याच लाडिक आवाजात पुन्हा म्हणाल्या, "अहो. तुमचं काय म्हणणं?"

आणि हिंमतरावांचं डोकं उशीवर हळूहळू डावीकडे कललं.

नर्स डॉक्टरांना बोलवायला पळाली. सुशीलाबाईंनी पलंगाची दांडी धरली. हसत होत्या की रडत होत्या, आवाजावरून सांगता आलं नसतं. "नको म्हणतायत," त्या मला म्हणाल्या. "लेकीकडं नको. घरी यायचंय ह्यांना."

आता घरी आहेत. वाचा आलेली नाही. रोज एक पोरगी येते, अ, आ म्हणायला शिकवते, पण ओठाचा तोच कोपरा हलतो, बाकी काही नाही. येईल की नाही ते कुणी सांगत नाही. उजवा हात मांडीवर दुसऱ्याचा ठेवल्यासारखा पडलेला असतो. रात्रीचं उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं सगळं सुशीलाबाईंवर, आणि त्याही काही तरुण नाहीत. आमची भिंत लागून आहे, त्यामुळे दिवसभर ऐकू येतं: "अहो, वरण पातळ झालंय, चालंल का? तुमचं काय म्हणणं?" मग जरा शांतता. मग "बरं" किंवा "मग काय पनीर आणू का हडपसरच्या हाटेलातनं?" यावरून उत्तर काय आलं ते आपल्याला कळतं.

टीव्हीवरची विमलवहिनी मात्र बंद झाली. हाराशिवाय त्याचं कुणाला हसू येईना म्हणतात. दत्तप्रसाद आता दुसरं सोंग करतो, पोलिसाचं. मध्ये येऊन हिंमतरावांच्या पायाशी बसून गेला.

सलिलने फोटो परत आणून दिला. खिळा अजून भिंतीवर आहे, पण फोटो कपाटाच्या मागे उभा करून ठेवलाय, तोंड भिंतीकडे. मी एकदा विचारलं, "लावायचा नाही का?"

सुशीलाबाई नवऱ्याच्या मिशीला तूप लावत होत्या. कपाळावर कुंकू नीट, मधोमध. वर न बघता म्हणाल्या, "कलणारा एक हाय घरात. तेवढा पुरे."